उतार बघून थांबणारी जीप: सापगाव ते घाटाचा पायथा

ज्या गाडीच्या बॅटरीचा भरवसा नाही ती घेऊन लग्नाला जाऊ नये, असं मला बऱ्याच शहाण्या माणसांनी सांगितलं. मी गेले. पुन्हा जायची वेळ आली तर पुन्हा जाईन, आणि तुम्हीही जावं, म्हणून हे लिहिते आहे.

लग्न माझ्या नात्यातलं नव्हतं. बोलावणं होतं सगुणाआत्याला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, राहते सापगावला. ती धवलारीण आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या भागातल्या शेतकरी घरांमध्ये लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. कुलदैवतं, गावाच्या वेशी, नदी, डोंगर, गेलेली माणसं, सगळ्यांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि मगच नवरीला हळद लागते. म्हणजे बाईच्या आवाजावर लग्न उभं राहतं. मी गावोगाव फिरून व्याख्यानं देते, पुष्कळ वाचते आणि त्याहून पुष्कळ बोलते, पण याच्याइतकी ठाम गोष्ट कुठल्या व्यासपीठावरून सांगता आलेली नाही.

अलीकडे आत्याला बोलावणी कमी येतात. मांडवात डीजे असतो, धवल्याची, म्हणजे या लग्नगाण्याची, रेकॉर्ड असते. म्हणून मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, अगदी घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीतून नवरीचा, करिश्माचा, स्वतःचा फोन आला तेव्हा आत्या दिवसभर घरात नुसती फिरत होती. करिश्मा म्हणाली होती, "आजी, तुमीच पायजेत." आणि मागून तिच्या आईचा आवाज आला होता, "शनिवारी दिवस मावळायच्या आत पोचा पण. नायतर रेकॉर्ड लावू, पावणे थांबायचे नायत." आत्याने ते दोन्ही ऐकलं होतं.

आता जीपबद्दल. माझी जीप जुनी, डिझेलची, पुढे दोन दारं आणि मागे एक. मागे आमनेसामने दोन लांब बाकं. हॉर्नला सर्दी झालेली, एका खिडकीची काच दोरीने वर ओढायची, छताला व्याख्यानमालांचे फलक बांधायच्या कड्या, मागच्या पायरीखाली मी स्वतः बसवलेला एक छोटा दिवा, कारण आत्याचा पाय एकदा अंधारात चुकला होता, आणि डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर. तिला भंगारात काढा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. जी वस्तू उघडून बघता येते, तिला फेकून देणं हा आळस आहे, आणि आळसाला आपण प्रगती म्हणायला लागलो आहोत. असो.

गेल्या दिवाळीपासून मात्र जीपने छळ मांडला होता. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ घ्यायची नाही. चावी फिरवली की नुसतं टक. आणि हे रोज नाही, कधीतरी. नीट आठवलं तर आत्याला कुठे नेऊन आणलं की दुसऱ्या दिवशी. शेजाऱ्यांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. "म्हातारी बसली की गाडी मरते," असं कोणीतरी हसत म्हणालं आणि माझं डोकं फिरलं. बाईच्या, त्यातही विधवा बाईच्या पायगुणाविरुद्ध मी किती सभांमधून बोलले आहे! ते माझ्याच अंगणात ऐकायचं? योगायोग आहे, असं मी ओरडून सांगितलं आणि विषय बंद केला.

शुक्रवारी सकाळी घरून, आसनगावहून, निघाले ती आधी शहापूरच्या बाजारपेठेत. समोर माहुलीचे सुळके निळसर धुक्यात अर्धे बुडालेले, जणू कोणी ते अजून पुरते काढलेच नव्हते. माघ अर्धा सरला होता. नरेश वायरमनच्या दुकानापुढे जीप लावली. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने शहाण्या मेकॅनिकइतकाच एक चांगला वायरमन धरून ठेवावा.

नरेशने बॅटरीची झाकणं उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमी भाषणाला जाता तवा टेबलावर पाणी असतं ना?"

"असतं."

"मंग हिला पण द्या की. कोरडी पडलीय."

डिस्टिल्ड वॉटर घातलं. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. माझा मीटर माझ्याजवळ असतो. उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दिसलं तर बॅटरी भरलेली समजायची, बाराच्या खाली गेली तर डिझेल गाडीने तोंड फिरवलंच. इंजिन चालू असताना तोच आकडा चौदाच्या आसपास जायला हवा. माझ्या जीपचा तेराच्या थोडा वर जाऊन अडकत होता. म्हणजे डायनामो कमावत होता, पण पैसा घरी पोचत नव्हता.

"गाडी कवा बंद पडते?" नरेशने विचारलं. "म्हंजे काय येगळं केल्यावर?"

"काहीच वेगळं नाही," मी म्हणाले.

हे उत्तर लक्षात ठेवा.

मग उभ्या गाडीत कोणी करंट खातंय का ते बघायचं होतं. यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि मधे मीटर जोडायचा. चावी काढलेली, दिवे बंद, दारं बंद. दारं मीच लावली, तिन्ही, धाडधाड. मीटरवर जवळजवळ काहीच नाही.

"काय खात नाय गाडी," नरेश म्हणाला. "उपाशी हाय बिचारी."

दोष सापडला तो अर्थिंगमध्ये. इंजिनपासून बॉडीला येणारी जाड पट्टी जिथे बोल्टने बसते, तिथे गंजाची पापडी धरली होती. पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून बोल्ट आवळला आणि इंजिन चालू केलं. मीटर सव्वाचौदा. मी भर बाजारपेठेत टाळी वाजवली. डायनामो बदला, नवीनच टाका, असं मला दोन ठिकाणी सांगण्यात आलं होतं, आणि निघालं काय, तर मूठभर गंज. यावर मी नरेशला थोडं ऐकवलं, तिथे चहा प्यायला आलेल्या दोघांनाही ऐकवलं. नरेशने मजुरी इतकी कमी सांगितली की मला वाटतं ती भाषण थांबवण्यासाठी होती.

सापगावला आत्या ओट्यावर तयारच बसली होती. हिरवी साडी, कापडी पिशवी, पिशवीत मांडवात रांगोळीसारखा चौक काढायला तांदळाचं पीठ. पुढच्या सीटवर तिचे गुडघे दुमडत नाहीत, म्हणून ती नेहमी मागच्या दाराने चढते आणि बाकावर पाय पसरून बसते.

"जाईल ना गो बाय तुझी ही?" तिने बाकाला थोपटत विचारलं.

"तुला चंद्रावर नेईल."

"नको गो. टोकावड्याच्या म्होरं नेलीस तरी लय झालं."

आधी भातसानगरला जायचं होतं. धवला एकटीने गाता येत नाही. एक पुढे म्हणते, दुसरी तो धागा उचलून धरते, पहिलीला श्वास घ्यायला जागा देते. आत्याची जोडीदारीण हौसामावशी तिथे धरणाच्या वसाहतीत मुलाकडे राहते. रस्ता झाडांतून जातो. काटेसावरीला पान नव्हतं, नुसती लाल फुलं, आणि ती रस्त्यावर पडताना टप्प असा ओला आवाज व्हायचा. मधेच शेतांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन आणि त्यावर रेंगाळणारा धूर. आरशात आत्या दिसत होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती माणसांची नावं जुळवत होती. नवरीच्या घराण्यातले कोण कोण गेले ते तिने फोनवर विचारून घेतलं होतं आणि आता एकेकाला मनातल्या मनात हाक मारून बघत होती.

भातसानगरला पोचलो तेव्हा पाण्यावर सोनेरी उजेड होता. इतकं पाणी, इतकं शांत, की बोलायची लाज वाटावी. तरी बोलते. हे पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि इथल्याच डोंगरांतल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. या जलाशयाचे सुंदर फोटो तुम्ही जरूर काढा. फक्त त्या फोटोत कोण नाही, तेही एकदा बघा.

मुक्काम हौसामावशीकडे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. दोघी म्हाताऱ्या जेवता जेवता भांडत होत्या.

"मागच्या टायमाला तू देवीचं नाव डोंगराच्या आधी घेतलंस."

"देवी काय डोंगराच्या मागं उभी रायची काय?"

"तिचं घरच डोंगरात हाय ना गो! आधी घर, मंग मालकीण."

झोपताना मी जीपकडे एकदा बघितलं. उंचवट्यावर, चांदण्यात, अगदी शहाण्यासारखी उभी होती.

शनिवारी सकाळी चावी फिरवली. टक.

बॉनेट उघडून मीटर लावला, तर बारासुद्धा नाही. काल सव्वाचौदाने भरत आलेली बॅटरी रात्रीत कोणी पिऊन टाकली? मी सगळ्या वायरी चाचपल्या. काही गरम नाही, काही जळकं नाही. हौसामावशीचा मुलगा वसंत, धरणावर नोकरीला आहे, तो ड्युटीला निघालेला थांबला. दोघेतिघे शेजारी आले. आणि वसंत सहज, चेष्टेत म्हणाला, "काल आत्याला घेऊन आलात ना ताई? मंग झालं!"

सगळे हसले. आत्या पिशवी घेऊन दारातून बाहेर पडत होती. तिथेच थांबली. मला वाटलं ती काहीतरी सुनावेल. तिने पिशवी खाली ठेवली.

"हौसा, तू जा. मी नाय येत."

"आत्या, अगं तो गमतीने..."

"गमतीनं नाय गो शैला. पयल्यांदा नाय झालं हे. माझ्या बसण्यानं गाडी मरते, आन मी नवरीच्या मांडवात देव बोलवायला जाऊ? तिचा संसार असाच मधी थांबला तर? लावू दे त्यांना रेकॉर्ड."

मग मी बोलले. जीपच्या बंपरवर एक पाय ठेवून बोलले. पायगुण नावाची गोष्ट माणसाने बाईला घरात कोंडण्यासाठी शोधली, लोखंडाला आणि आम्लाला माणसाचं नशीब कळत नाही, कारण शोधायचा कंटाळा आला की आपण बाईकडे बोट दाखवतो, असं सगळं. आवाज धरणाच्या भिंतीपर्यंत गेला असावा. संपल्यावर वसंत मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, ताई." आणि मग हळूच, "भाषण झालं असंल तर ढकलू का?"

पण आत्या हलली नव्हती. माझं एक वाक्यही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेवटी हौसामावशीने तिची पिशवी उचलली आणि जीपमध्ये टाकली. "पीठ चाललं. तुला यायचं तर ये."

पीठ एकटं जाऊ देणं आत्याला जमलं नाही. ती चढली. वसाहतीच्या उतारावर जीप सोडली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, एक आचका, आणि इंजिन जागं झालं.

त्यापुढचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात संथ, सगळ्यात सुंदर प्रवास होता. कारण आता सेल्फचा भरवसा नव्हता. गाडी बंद करायची तर उतारावरच, नाहीतर बंदच करायची नाही. कुठे थांबायचं ते हॉटेल ठरवत नाही, फलक ठरवत नाही, जमीन ठरवते. आणि उतार ज्या दिशेला तोंड करून असेल तेच तुमचं दृश्य. शेणव्याच्या पुढे एका उतारावर थांबलो, तर समोर भेंडीचा हिरवागार मळा आणि त्यात वाकलेली माणसं, पाठी फक्त दिसत होत्या, हिरव्या पाण्यात तरंगल्यासारख्या. किन्हवलीच्या अलीकडे दुसरा उतार, त्याच्या टोकाला एकच पळस, पेटलेला, आणि खाली त्याची फुलं गोळा करणारं कोणीच नाही. या रस्त्यावरून मी अनेकदा व्याख्यानाला गेले आहे. त्यातलं एकही झाड मला ओळखीचं नव्हतं. पोचायची घाई असलेल्या माणसाला रस्ता दिसतो, जागा दिसत नाही.

किन्हवलीला चहा-वडापाव घेतला, इंजिन चालूच ठेवून. चहावाला धुराकडे बघून म्हणाला, "बाई, बंद करा की जरा, चहाला डिझेलचा वास यायला लागलाय." मी त्याला कारण सांगितलं, तर त्याने कप स्वतः जीपपर्यंत आणून दिले. माणसं चांगली आहेत, अडचण सांगितली पाहिजे. आत्या मात्र उतरली नाही. एकाही ठिकाणी उतरली नाही. चहा तिने बाकावरच घेतला.

"पाय मोकळे कर गं जरा."

"नको. मी उतरले की मरते ती."

हौसामावशीने तिला गाण्यात ओढायचा प्रयत्न केला. हलक्या आवाजात सुरुवात केली, अर्ध्यावर थांबली आणि वाट बघितली. आत्या खिडकीबाहेर बघत होती. हौसामावशीचा अर्धा सूर तसाच जीपमध्ये लोंबकळत राहिला. मग ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "ही नाय गायली तर मी काय करू? मना निस्तं उचलून धरता येतं. पुढं नाय म्हनता येत." तेव्हा मला कळलं की जीप वेळेत पोचवली तरी उपयोग नाही. आत्या मांडवापर्यंत जाईल, पीठ देईल, आणि बाहेर बसून राहील.

सरळगावला मुरबाडकडून येणारा हमरस्ता मिळतो. कल्याणहून येणाऱ्यांनी त्याच रस्त्याने यावं, चांगला आहे. इथून उजव्या-डाव्या हाताला सह्याद्री उभा राहतो, आणि पुढे पुढे जावं तसा तो मागे सरकल्यासारखा वाटतो. चालत्या गाडीत मीटर चौदाच्या वर, म्हणजे कमाई चोख. मग खर्च कुठे? नरेशकडे गाडी काही खात नव्हती. माझ्या अंगणात एकटी असली की खात नाही. मग काल रात्री काय वेगळं होतं?

काय वेगळं. नरेशचा प्रश्न. आणि माझं उत्तर.

आरशात आत्याची नजर माझ्या नजरेला भिडली. "तू बोलत नायस," ती म्हणाली, "पण तुला बी ठावं हाय. मी बसते तवाच मरते. खोटं बोल माझ्यासमोर."

आणि वाचकहो, मला खोटं बोलता येईना. कारण ते खरंच होतं. दिवाळीपासून एकूण एक वेळी खरं होतं. मी ज्याला योगायोग म्हणत होते ते माझ्याकडचं सगळ्यात पक्कं निरीक्षण होतं, आणि मी ते फेकून दिलं होतं, का, तर ते चुकीच्या लोकांनी चुकीच्या हसण्यासह सांगितलं होतं. त्यांचा निष्कर्ष मूर्खपणाचा होता. निरीक्षण बिनचूक होतं. आयुष्यभर लोकांना सांगत आले की आधी बघा, मग माना. आणि मीच न मानण्यासाठी न बघता बसले होते.

टोकावड्याच्या पुढे डाव्या बाजूला ओढा लागला, त्यावर उंबराची आणि आंब्याची दाट सावली, आणि रस्त्याला चांगला उतार. जीप थांबवली.

"आत्या, तू म्हणतेस ते खरं आहे. तू बसतेस तेव्हाच मरते. आता खाली उतर."

"मेली तर?"

"उतार आहे. उतर. नेहमी उतरतेस तशीच उतर. मला बघायचंय."

हौसामावशी आधी उतरली. मग आत्या, दांड्याला धरून, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. वळली. आणि तळहाताने मागचं दार असं पुढे सारलं, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावर गोधडी ओढावी. टक. दार लागलं.

लागलं नव्हतं. जुन्या जीपच्या दाराला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत ते धरून राहतं, वाऱ्याने उघडत नाही, बघणाऱ्याला लागलेलंच वाटतं. मी गुडघ्यांवर बसले आणि पायरीखाली वाकून बघितलं. सावलीत, वाळलेल्या पानांवर, रुपयाएवढा पिवळा उजेड पडला होता.

मी बसवलेला दिवा. दार उघडलं की लागणारा, दार पुरतं मिटलं की विझणारा. दिवसा कोणाला दिसत नव्हता, आणि रात्री गाडीच्या मागे वाकून बघायला कोण जातंय? आत्या उतरली की तो तिच्यामागे सबंध रात्र जळत राहायचा. आणि नरेशकडे दारं मी लावली होती, धाडधाड. तपासणीआधीच मी रोग बरा करून टाकला होता.

"आत्या, दार जरा जोरात लाव."

"आपटू?" ती दचकली. "लग्नाला निघताना दार आपटत नायत गो. सासूनं शिकवलंय. दार आपटलं तर घरातलं मंगल म्हनतं, मना कशाला ढकलता? धवलारणीनं तर कदीच नाय आपटायचं. आता हातालाच सवय झालीय, कुठलंबी दार असू दे."

मी तिला खाली वाकवलं. दिवा दाखवला. दार पुरतं दाबलं, दिवा गेला. उघडलं, लागला. तिने ते स्वतः करून बघितलं. पुन्हा बघितलं. हौसामावशीने पण बघितलं.

"म्हंजे मीच मारत होते ना गाडी?" आत्या हळू म्हणाली.

माझ्याकडे मोठी मोठी वाक्यं तयार होती. कोणतंच खरं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तू आणि माझा दिवा."

तिने खालची ती पानं हाताने बाजूला सारली. मग विचारलं, "पण हाताचं हाय ना? नशिबाचं नाय ना?"

"हाताचंच."

"मंग काय!" आणि ती हसली, दातांची सगळी उणीव दाखवत. "हात काय, शिकतो. साठीनंतर मी मोबाइल शिकले."

हौसामावशी म्हणाली, "आपटायचं नाय ना? मंग ढुंगणानं दाब." तिने करून दाखवलं. दार पहिल्या खाचेवर आणायचं, मग पाठ टेकून अंगाचा भार द्यायचा. दुसरा आवाज येतो, मऊ, खोल. आपटणं नाही, टेकणं. आत्याने टेकून बघितलं. खालचा उजेड मिटला. दोघी म्हाताऱ्या तिथे ओढ्याकाठी एकमेकींना ढकलत इतक्या हसल्या की उंबरातून पाखरं उडाली.

तिथून वाडीपर्यंत आत्या गात होती. पुरता धवला मांडवाबाहेर गात नाहीत, ती फक्त सूर लावत होती, शब्दांच्या जागा रिकाम्या ठेवून, आणि हौसामावशी त्या रिकाम्या जागा उचलून धरत होती. समोर घाटाची भिंत मावळतीच्या उन्हात गुलाबी झालेली, नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका आभाळात वर. मी गाडी हळू केली. पोचूच नये असं वाटत होतं.

मांडवापुढचं अंगण सपाट होतं. मी तिथेच जीप लावली आणि इंजिन बंद केलं. डीजेवाला स्पीकर लावून तयार होता. नवरीची आई धावत आली, "आलात? आमी म्हटलं..." पुढचं तिने गिळलं. आत्याने उतरून दार टेकलं, वाकून एकदा खाली बघितलं, आणि पिशवी घेऊन आत गेली.

पिठाचा चौक काढला गेला. हळद कालवली गेली. मग आत्याने पहिला सूर लावला आणि डीजेवाल्याने आपल्या यंत्राचं बटण स्वतःहून बंद केलं. मी श्रोते जिंकायला शिकलेली बाई आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, मला कळतं. आत्या यातलं काहीच करत नव्हती. ती बोलावत होती. नदी आली, डोंगर आला, मग डोंगरातली देवी, आणि करिश्माचा मेलेला आजोबा नावानिशी आला, तेव्हा त्या पोरीने हळद लावलेल्या हाताने डोळे पुसले आणि गाल पिवळे झाले. त्यात सगळे हसले. धवला थांबला नाही. हौसामावशीने धागा उचलून धरला होता.

रविवारी लग्न लागून, जेवणं होऊन आम्ही निघालो तेव्हा वऱ्हाडी मंडळी जीपभोवती उभी होती. कोणीतरी म्हणालं, "धक्का लागंल का?" आत्या मागे बसली होती. मी चावी फिरवली. एका दमात चालू. आत्याने खिडकीतून हात हलवला, जणू मोटारी आयुष्यभर तिच्याच हुकमाने चालू होत आल्या आहेत.

तुम्ही जाणार असाल तर माघ-फाल्गुनात जा. डिझेल शहापूरला भरून घ्या, जुनी गाडी असेल तर मीटर बरोबर ठेवा, आणि बॅटरी का उतरते ते शोधताना गाडीइतकंच गाडी वापरणाऱ्या माणसांना बघा. तपासताना दार तुम्ही लावू नका. जो रोज लावतो त्याला लावू द्या. आणि कोणी मूर्खासारखं काही बोललं, तर त्याच्याशी भांडण्याआधी त्याने पाहिलंय काय, ते विचारून घ्या. भांडण नंतरही करता येतं. मी तर करणारच आहे.

घरी आल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, तो दिवा काढून टाक. नरेशनेही दिला. बरोबरच आहे.

पण रविवारी संध्याकाळी हौसामावशीला सोडून सापगावला पोचलो तेव्हा गल्लीत अंधार पडत होता. आत्या उतरली, वळली, दाराला पाठ टेकायला लागली. मी म्हटलं, "राहू दे." आणि दार हाताने उघडं धरलं. पायरीखालून पिवळा उजेड तिच्या वाटेवर पडला. ती त्यातून सावकाश ओट्यापर्यंत गेली, कडी काढली, आत गेली, आतला दिवा लावला. तोवर मी दार धरून उभी होते. मग पाठ टेकली, दुसरा आवाज येईपर्यंत.